आवक, जावक आणि पोच

पोलादपूर तालुक्यात कापडे बुद्रुक नावाचं गाव आहे. बुद्रुक म्हटलं की खुर्द आलंच, आणि महाराष्ट्रात अशा खुर्द-बुद्रुकांच्या जोड्या मोजायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. वाड्या आणि कोंड तर त्याहून जास्त. एकट्या सुतारवाड्याच किती निघतील! पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी गिरणगावातल्या चाळीतून चाकरमान्याने घरी टाकलेलं पोस्टकार्ड नेमक्या वाडीत पोचायचं, ते पत्रं निवडणाऱ्या कारकुनाच्या पाठांतराच्या जोरावर. अक्षर वेडंवाकडं, तालुका लिहायचा राहिलेला, गावाचं नाव घरात बोलतात तसं लिहिलेलं. ज्याला ते नाव ओळखीचं, त्याच्या हाती पडलं तर पत्र पोचलं. नाहीतर ते दुसऱ्याच सुतारवाडीला फिरून यायचं.

ही अडचण श्रीराम भिकाजी वेलणकरांनी सोडवली. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात ते वरिष्ठ अधिकारी होते, शिवाय संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे पंडित. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांची पिनकोड पद्धत देशभर सुरू झाली. सहा आकडे. महाडचा ४०२३०१, पोलादपूरचा ४०२३०३. पहिला ४ म्हणजे पश्चिमेचा विभाग, पहिले तीन आकडे मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा आणि शेवटचे तीन म्हणजे ठरावीक पोस्ट. तमिळ किंवा बंगाली कारकुनाला ‘महाड’ वाचता आलं नाही तरी आकड्यांवरून तो पत्र योग्य थैलीत टाकू शकतो. हे दोन्ही तालुके ज्यात आहेत त्या कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं. त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्या सवयीने पत्रांवर ‘जि. कुलाबा’ लिहिलं जाई. आकडे तेच असल्यामुळे पत्र अडत नसे.

वेलणकरांनी पाकिटाचा रंग बदलला नाही, तिकिटावरचं चित्र बदललं नाही. पत्र निवडणाऱ्या माणसाच्या हातात काय येतं, त्याला काय वाचता येतं आणि तो कुठे चुकतो, एवढंच त्यांनी पाहिलं. माणसाचं यंत्राशी किंवा व्यवस्थेशी जिथे काम पडतं, त्या जागेच्या मांडणीला आज इंटरफेस म्हणतात. पिनकोड हा मराठी माणसाने घडवलेला, अर्ध्या शतकाहून जास्त काळ टिकलेला इंटरफेस आहे. ईमेलच्या प्रोग्रामची मांडणी सुधारायला हवी का, असा प्रश्न निघाला की चर्चा बहुतेक वेळा बटणांच्या रंगावर आणि चिन्हांच्या आकारावर जाते. वेलणकरांच्या पद्धतीने विचार करायचा तर आधी बघायला हवं की ते बटण दाबणारं बोट कुणाचं आहे.

महाड-पोलादपूरच्या खेड्यांत ईमेलचा पत्ता आज घरोघरी आहे. अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधून काही उतरवून घ्यायचं तर गूगलचं खातं लागतं. म्हणून फोन विकतानाच दुकानदार ते उघडून देतो. पत्ता त्याने सुचेल तसा बनवलेला असतो: नाव, आडनाव, पुढे दोन-तीन आकडे. ज्याच्या नावाचा तो पत्ता, त्याला तो पाठ नसतो आणि पासवर्ड तर ठाऊकच नसतो. पुढे कधीतरी दाखल्यासाठी किंवा भरतीच्या अर्जासाठी ऑनलाइन कामं करणाऱ्या दुकानात जावं लागतं. “काका, ईमेल आयडी काय तुमचा?” “तुझाच टाक ना बाळा, आमचा कुठे असतोय.” मग दुकानातल्या मुलाचा पत्ता अर्जात जातो आणि त्या अर्जाची उत्तरं कायमची परक्या पेटीत पडू लागतात. फोन बिघडला की नवा फोन, नव्या फोनवर नवं खातं. जुन्या खात्यात आलेली विम्याची पॉलिसी आणि भविष्य निर्वाह निधीचे कागद तिथेच अडकून राहतात.

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा दुकानांच्या आणि घरांच्या कपाटांतले कागद चिखलात गेले. अशा वेळी मेलमध्ये पडून असलेली पॉलिसीची प्रत म्हणजे घराचा आधार. ती शोधायची तर आधी खातं उघडता यायला हवं. उघडलं तरी शोधाच्या चौकटीत काय लिहायचं? कंपनीकडून आलेल्या मेलचा विषय इंग्रजीत, मजकूर इंग्रजीत. ‘विमा’ असा मराठी शब्द टाकून पाहणाऱ्याला त्या मेलपर्यंत जाण्याची वाटच सापडत नाही. मेलमध्ये जोडलेले सगळे कागद तारखेप्रमाणे एका ठिकाणी दाखवणारा, मोठ्या अक्षरांचा एक कप्पा पहिल्याच स्क्रीनवर असता तर पुरानंतरच्या त्या आठवड्यांत किती जणांचे हेलपाटे वाचले असते.

पत्त्याची अडचण खोल आहे. १९७१ साली अमेरिकेत केंब्रिजच्या बीबीएन कंपनीत रे टॉमलिन्सनने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवण्याचा प्रोग्राम लिहिला. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव वेगळं करायला त्याने एक चिन्ह निवडलं, कारण ते कुणाच्याच नावात येत नव्हतं. आपल्याकडे त्या चिन्हाला आजही ‘ॲट द रेट’ म्हणतात. भावपत्रकात दर लिहिताना ते वापरलं जाई, तिथून हे नाव आलं. चिन्ह सुटसुटीत आहे. अडतं ते त्याच्या अलीकडच्या नावाशी. सकपाळ, साळुंखे, चव्हाण, मालुसरे ही आडनावं देवनागरीत बहुतेक एकाच तऱ्हेने लिहिली जातात. रोमन लिपीत प्रत्येकाच्या दोन-तीन तऱ्हा होतात. साळुंख्यांच्या शेवटी ‘के’ की ‘खे’, चव्हाणांत ‘एच’ घालायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या दाखल्यावर अवलंबून. फोनवरून पत्ता सांगताना एक अक्षर चुकलं की निरोप भलत्याच माणसाकडे जातो.

ईमेलचा पत्ता देवनागरीत लिहिता यावा यासाठीचे जागतिक नियम २०१२ सालीच तयार झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये जीमेलने अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय केली आणि त्याच महिन्यात भारत सरकारने ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन खुलं केलं. मराठी आणि कोकणी त्यात पहिल्यापासून आहेत. २०१६ साली जयपूरच्या एका कंपनीने ‘डेटामेल’ नावाची सेवा काढून भारतीय लिप्यांत पत्ते द्यायला सुरुवात केली. एवढं होऊनही देवनागरी पत्ता रोजच्या वापरात आलेला नाही. कित्येक संकेतस्थळांच्या अर्जात तो टाकला की चौकट लाल होते. मेल नेणारी यंत्रणा देवनागरी समजू शकते, अर्जाची चौकट समजत नाही. दुरुस्ती व्हायला हवी ती इथे, आणि ती करणं अवघड नाही.

पत्ता चुकला तर काय होतं? पोस्टमन पत्रावर शेरा मारून ते परत पाठवतो: पत्ता अपुरा, गाव सोडून गेले, घेण्यास नकार. तीन-चार शब्दांत कारण कळतं आणि पुढे काय करायचं तेही कळतं. ईमेल परत येतं ते ‘मेलर-डेमन’ नावाच्या कुणाकडून तरी, इंग्रजी मजकुराच्या लांबलचक पट्टीसह. तिच्यात कुठेतरी ‘५५०’ असा आकडा असतो. तो निरर्थक नसतो. १९८२ साली मेल वाहून नेण्याचे जे नियम ठरले त्यांत पिनकोडसारखीच पद्धत आहे: पहिला आकडा ५ म्हणजे हे काम होणारच नाही, ४ म्हणजे आत्ता झालं नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न होईल. मात्र हा आकडा यंत्राने यंत्रासाठी लिहिलेला. तो वाचून “हा पत्ताच अस्तित्वात नाही, अक्षरं पुन्हा तपासा” असं मराठीत सांगणं हे मेलच्या प्रोग्रामचं काम. सगळी माहिती त्याच्या हातात असताना माणसाला कोड्यात टाकणारी पट्टी पुढे ढकलणं ही सरळसरळ उणीव आहे.

आता स्क्रीनवरच्या शब्दांकडे. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक आणला. त्याच्या स्क्रीनवर ऑफिसातलं टेबल मांडलेलं होतं: कागद, फोल्डर, येणाऱ्या टपालाचा एक ट्रे, जाणाऱ्या टपालाचा दुसरा. ‘इनबॉक्स’ या शब्दामागचं चित्र हेच. ‘सीसी’ म्हणजे कार्बन कॉपी, टाइपरायटरमध्ये निळा कागद घालून काढलेली प्रत. अमेरिकन ऑफिसात वाढलेल्या माणसाला हे शब्द शिकावे लागले नाहीत. ते त्याच्या टेबलावरच होते.

मराठी कचेरीच्या टेबलावर काय असतं? महाडच्या नगरपरिषदेपासून पोलादपूरच्या पंचायत समितीपर्यंत कुठेही जा, आवक-जावक नोंदवही असते. आलेलं पत्र आवक, गेलेलं पत्र जावक, प्रत्येकाला क्रमांक आणि तारीख. पत्राला जोडलेले कागद म्हणजे सहपत्रे. ज्याला नुसती माहिती द्यायची त्याचं नाव खाली, ‘प्रत माहितीसाठी’ असं लिहून. हे शब्द ग्रामसेवकाला माहीत आहेत, सोसायटीच्या सचिवाला माहीत आहेत, शाळेच्या लिपिकाला माहीत आहेत. जीमेल मराठीत वापरता येतं, आणि त्यात ‘मसुदे’, ‘तारांकित’ असे शब्द दिसतात. ‘मसुदे’ चांगला आहे. ‘तारांकित’ म्हटलं की विधानसभेतले प्रश्न आठवतात. ‘इनबॉक्स’ मात्र इनबॉक्सच राहतो. तयार, वापरातली, पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली ‘आवक-जावक’ची जोडी हाताशी असताना तिला स्क्रीनवर जागा का मिळू नये?

कारभाराचे शब्द बदलण्याचा मोठा प्रयोग याच महाड तालुक्यात, रायगडावर झालेला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी प्रधानांची फारसी नावं बदलली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनोबत सेनापती. रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात कारभारातल्या सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. साडेतीनशे वर्षांनी हिशेब मांडला तर? सचिव आणि मंत्री मंत्रालयात बसलेले आहेत, सेनापती प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. पेशवा मात्र पुढे पुन्हा पेशवाच झाला. कागद कागदच राहिला, शाई शाईच राहिली, कारकूनही गेला नाही. राज्याचा पाठिंबा असूनही लोकांनी निवड करून काही घेतलं, काही सोडलं.

मेलच्या प्रोग्रामचं भाषांतर करणाऱ्यांनी हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवावा. ‘मेल’, ‘पासवर्ड’, ‘लिंक’ हे आजचे कागद-शाई आहेत, त्यांना हात लावायची गरज नाही. जिथे कचेरीत मराठी शब्द आधीपासून जिवंत आहे, तिथे मात्र नवा घडवलेला शब्द किंवा इंग्रजीची नुसती लिपी बदललेली नक्कल आणू नये.

भाषेआधी लिपीनेही मराठी माणसाला छळलेलं आहे. सुरुवातीचं ईमेल फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे नेऊ शकत होतं. चित्र, आवाज, इतर लिप्या यांची वाट १९९२ साली मोकळी झाली. त्या वर्षी ११ मार्चला नथॅनियल बोरेनस्टाइनने मेलला जोडून स्वतःच्या गायक चमूचा फोटो आणि त्यांचं गाणं पाठवलं. आपल्याकडे मात्र मराठी मजकूर ‘श्री-लिपी’, ‘आकृती’ किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’मध्ये टाइप व्हायचा, प्रत्येकाची आतली मांडणी निराळी. पाठवणाऱ्याकडचा फॉन्ट घेणाऱ्याकडे नसला की बातमी, ठराव, निमंत्रणपत्रिका, सगळ्याचा चिवडा. सगळीकडे एकच मांडणी वापरणारं युनिकोड रुळल्यावर हा त्रास बराच संपला, आणि ही सुधारणा मेलच्या कुठल्याही नव्या रंगसंगतीपेक्षा मोठी होती. तिच्यामुळे स्क्रीनचं रूप जराही बदललं नाही, म्हणून तिचं कौतुक कमी झालं.

सरकारी मराठी पत्राची मांडणी नीट बघितली तर ती थक्क करते. वर जावक क्रमांक आणि दिनांक, मग ‘प्रति’, मग ‘विषय’, मग ‘संदर्भ’. संदर्भात आधीच्या पत्रांचे क्रमांक आणि तारखा ओळीने. त्या आधारावर कारकून दहा वर्षांपूर्वीचं प्रकरण नस्तीतून वर काढतो. ईमेलच्या १९८२ च्या नियमांत अगदी हीच सोय आहे: उत्तरादाखल गेलेल्या मेलच्या पोटात ‘संदर्भ’ याच अर्थाची एक ओळ असू शकते, आणि हे उत्तर कुठल्या मेलला आहे ते दुसरी ओळ सांगते. वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत. १ एप्रिल २००४ रोजी आलेल्या जीमेलने अशा धाग्यांनी जोडलेले मेल एका गठ्ठ्यात दाखवायला सुरुवात केली. कल्पना नस्तीचीच. पण नस्तीत पानं क्रमाने लावलेली असतात आणि प्रत्येकाचा क्रमांक दिसतो. इथे मधली पानं मिटून ठेवली जातात, आणि महत्त्वाचं उत्तर नेमकं त्यांत दडतं. लोकांची इतकी कुरकुर झाली की २०१० साली गठ्ठे बंद करण्याची सोय द्यावी लागली. २०१४ मध्ये गूगलने ‘इनबॉक्स’ नावाचा वेगळाच प्रोग्राम काढला. तो सुंदर होता, मेलचे आपोआप गठ्ठे बांधायचा, आणि २ एप्रिल २०१९ रोजी तो बंद झाला. ‘थंडरबर्ड’ या मुक्त प्रोग्रामने २०२३ मध्ये आपल्या जुन्या मांडणीची डागडुजी केली, तेव्हा ओळी दाट हव्यात की मोकळ्या, यादी हवी की खेळायच्या पत्त्यांसारखी पानं, हे वापरणाऱ्यावर सोडलं. थंडरबर्डचा मार्ग अधिक बरा वाटतो. ज्याच्या बोटांना एक जागा वीस वर्षं पाठ आहे, त्याच्या स्क्रीनवरची ती जागा न विचारता हलवणं म्हणजे घरच्या बाईला न सांगता स्वयंपाकघरातले डबे हलवण्यासारखं आहे.

चुकीला माफी देणारी मांडणी हा वेगळा विषय, आणि त्यात प्रगती झालेली आहे. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत एक चाचणीचा मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार खात्यांवर गेला. कित्येकांनी “मला यातून काढा” असं उत्तर ‘सर्वांना उत्तर’ दाबून दिलं आणि ती उत्तरंही सर्वांना गेली. तासाभरात सगळी यंत्रणा तुंबली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत, जिथे सुदर्शन, लक्ष्मी ऑरगॅनिक, प्रिवी यांसारख्या रसायन कंपन्यांचे कारखाने आहेत, तिथलं खरेदी-विक्रीचं काम मेलवरच चालतं. एका पुरवठादाराचा भाव दुसऱ्याला दिसला तर काय होतं, ते अशा वसाहतीतल्या कुठल्याही खरेदी विभागात विचारावं. ‘उत्तर’ आणि ‘सर्वांना उत्तर’ ही दोन बटणं शेजारी-शेजारी असणं हा जुना दोष आहे. जीमेलने २००९ मध्ये पाठवलेला मेल पाच सेकंदांत मागे घेण्याची सोय प्रयोग म्हणून दिली, २०१५ मध्ये ती सर्वांसाठी कायम केली आणि मुदत तीस सेकंदांपर्यंत वाढवता येऊ लागली. खरं तर मेल मागे येत नाही, तेवढा वेळ तो निघालेलाच नसतो. साधी युक्ती, पण किती जणांची अब्रू तिने राखली असेल.

उरली पोच. आणि कोकणाच्या या भागातल्या माणसाच्या दृष्टीने मेलमध्ये सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

गिरण्यांच्या दिवसांत मुंबईहून मनिऑर्डर यायची. पोस्टमन आईच्या हातावर पैसे ठेवायचा, फॉर्मच्या एका तुकड्यावर तिची सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि तो तुकडा परत मुंबईला मुलाकडे जायचा. लिहिता न येणाऱ्या आईचा निळा अंगठा परळच्या खोलीत पोचला की पैसे मिळाल्याचं कळायचं. रजिस्टर पत्राला तशीच सहीची पोच जोडता येई. कचेरीत अर्ज द्यायचा तर दोन प्रती न्यायच्या आणि दुसऱ्या प्रतीवर, म्हणजे ‘ओसी’वर (ऑफिस कॉपीवर), शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. गावातला अनुभवी माणूस तरुणाला पहिली गोष्ट हीच शिकवतो: अर्ज दिलास ते ठीक, पोच घेतलीस का?

मेल पाठवल्यावर ‘पाठवला’ एवढंच दिसतं. तो पलीकडच्या यंत्रापर्यंत गेला, पेटीत पडला, की नको असलेल्या मेलच्या ढिगात गेला, काही समजत नाही. वाचल्याची पोच मागण्याचे नियम १९९८ पासून आहेत, पण ती द्यायची की नाही हे घेणाऱ्याच्या मर्जीवर, आणि मागण्याचं बटण बहुतेक ठिकाणी आत कुठेतरी दडलेलं. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात, सन २००० मध्येच, इलेक्ट्रॉनिक पत्राच्या पोचेचं स्वतंत्र कलम आहे, बारावं. पोच मिळाल्याशिवाय पत्र बंधनकारक नाही अशी अट पाठवणाऱ्याने घातली असेल, तर पोच येईपर्यंत ते पत्र पाठवलंच नाही असं धरलं जातं. पुढचं तेरावं कलम पत्र केव्हा निघालं आणि केव्हा मिळालं असं मानायचं ते सांगतं. कायद्याला पोच कळते. स्क्रीनवर तिला जागा नाही. व्हॉट्सॲपने तीच गोष्ट दोन बारीक खुणांत दाखवली, २०१४ पासून वाचल्यावर त्या निळ्या होऊ लागल्या, आणि नंबर हाच पत्ता असल्याने स्पेलिंगचा त्रासही संपला. खेड्यापाड्यांत निरोप मेलवरून न जाता तिकडे गेले याचं मोठं कारण हे आहे.

पलीकडचं यंत्र मेल स्वीकारताना होकाराचा आकडा, २५०, पाठवतं. म्हणजे पोचेची पहिली पायरी यंत्रांमध्ये प्रत्येक मेलमागे पार पडतेच. मेलच्या प्रोग्रामने तो होकार जावक यादीत तारीख-वेळेसह, त्या मेलच्या शेजारी ठळक छापावा आणि त्याचा कागद काढता यावा, एवढी सुधारणा आधी करण्यासारखी आहे. तोवर पोलादपूरहून अलिबाग शंभर किलोमीटरहून लांब असलं, तरी जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा असलेला माणूस सकाळची एसटी पकडतो. मेलने तो अर्ज आदल्या दिवशीच गेलेला असतो. संध्याकाळी परतताना त्याच्या पिशवीत घडी घातलेली दुसरी प्रत असते, तिच्यावर जांभळा गोल शिक्का आणि आवक क्रमांक.